पोतारलेल्या भिंती आणि माझं गणित

मी हिवताप कार्यालयात सांख्यिकी सहायक होतो, असं सांगितलं की शहरातले लोक पुढचं काही विचारत नसत. आमच्या गावी, दुसरबीडला, मात्र तेवढ्यावर भागत नसे. भाजीच्या वाफ्यात वाकलेले माझे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पोरगं बुलडाण्याले सरकारात हाय. मच्छर मोजते." मग ऐकणारा मला एसटीच्या थांब्यावर गाठायचा, "काय हो, किती झाले मोजून?" पहिलं वर्षभर मी चिडायचो. नंतर सांगायला लागलो, "तुमच्या गल्लीतले तेवढे राहिलेत."

खरं म्हणजे मी डास मोजत नव्हतो. काचेची नळी घेऊन पहाटे गोठ्यागोठ्यातून डास पकडणारा माणूस वेगळा होता. माझ्याकडे यायचे ते कागद. आमचे कामगार दर पंधरा दिवसांनी घरोघर जाऊन कुणाला थंडीताप आहे का विचारायचे, असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे. त्या काचपट्ट्यांचे निकाल माझ्या टेबलावर येत. डीडीटी फवारणाऱ्या टोळ्यांच्या नोंदीही येत : अमुक गाव, इतक्या खोल्या, इतक्या फवारल्या, इतक्या कुलूपबंद. मी बेरजा करायच्या, टक्केवारी काढायची आणि वर पाठवायची. वरचे लोक तिचं काय करत मला ठाऊक नव्हतं. बहुधा तेही टक्केवारी काढून आणखी वर पाठवत असावेत.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा पुण्याहून डॉक्टर दामले आमच्याकडे काही महिन्यांसाठी आले. उंच, किडकिडीत माणूस. माझं 'मले-तुले' ऐकून पहिल्या दिवशी हसले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही इंटरला गणितात पहिले होतात ना? मग बेरजा कसल्या करत बसलात? रोग पसरतो कसा, याचं गणित असतं. ते शिका." रोगाचं गणित ही काय भानगड, मला कळेना. ताप येतो, जातो किंवा माणूस जातो, त्यात गणित कुठून आलं?

त्यांनी मला हजारभर फोडलेले चिंचोके जमवायला सांगितले. आपल्याकडे चौसर खेळायला चिंचोका मधोमध फोडतात. एक बाजू काळी, एक पांढरी. आईनं आणि शेजारणींनी मिळून पिशवीभर चिंचोके फोडून दिले. ऑफिसात सतरंजी अंथरून डॉक्टर म्हणाले, "हे हजार डास. फेका. काळा पडला तो आज जगला, पांढरा पडला तो मेला. मेलेले बाजूला काढा, उरलेले पुन्हा फेका. एक फेक म्हणजे एक दिवस." दहा फेकींनंतर सतरंजीवर एकच चिंचोका उरला. शिपाई दारातून बघत होता. त्यानं बाहेर जाऊन सांगितलं की पुण्याच्या डॉक्टरनं ऑफिसात जुगाराचा अड्डा काढलाय.

"आता नियम बदलू," डॉक्टर म्हणाले. "रोज दहातला एकच मरू द्या." या वेळी फेकायची गरज नव्हती, कागदावरच केलं. दहा दिवसांनी साडेतीनशेच्या आसपास उरले. मी दोन आकड्यांकडे बघत बसलो. रोज मरणारे पाचपट केले, तर दहा दिवस जगणारे साडेतीनशे पटींनी घटले.

"हिवतापाचं बीज डासाच्या मादीच्या पोटात पिकायला दहा-बारा दिवस लागतात," डॉक्टरांनी समजावलं. "त्याआधी ती मेली, तर नुसती चावून गेली, ताप देऊन नाही. म्हणजे आपलं भांडण सगळ्या डासांशी नाही, म्हाताऱ्या डासांशी आहे. रक्त पिऊन जड झाली की ती जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर डीडीटी असेल तर संपली. दर दोन-तीन दिवसांनी तिला रक्त लागतं, म्हणजे म्हातारी होईपर्यंत चार-पाच वेळा भिंतीवर बसावं लागतं. प्रत्येक बैठकीला तिचा चिंचोका फेकला जातो."

मी त्या दिवशी घरी गेलो तो डोक्यात मुंग्या घेऊन. पुढचे तीन महिने लॉगची पुस्तकं आणि मी. एका डासाच्या सूत्राला किती अक्षरं लागतात! माणसामागे डास किती ते एक अक्षर, मादी माणसाला चावते की बैलाला ते दुसरं, रोज जगण्याचा संभव ते तिसरं, बीज पिकायचे दिवस ते चौथं. दुसऱ्या अक्षराचा अर्थ मला बीबी गावच्या एका शेतकऱ्यानं शिकवला. हौसेनं त्यानं घरातली जनावरं शेतातल्या नव्या गोठ्यात नेली आणि त्याच पावसाळ्यात घरातली पाच माणसं तापानं पडली. तो माझ्याशीच भांडायला आला, "तुमीच म्हणता ना सफाई ठेवा म्हणून?" बैल गेल्यावर डासांनी माणसं धरली होती. त्याला हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

हळूहळू मला प्रत्येक गावाचा आलेख काढता यायला लागला. फवारणी एवढी झाली, तर येत्या पंधरवड्यांत तापाचे रुग्ण किती निघतील, याची रेघ मी पेन्सिलीनं आधी काढून ठेवायचो. काचपट्ट्यांचे निकाल आले की शाईनं खरी रेघ काढायचो. बहुतेक गावांत शाई पेन्सिलीच्या अंगाअंगानं चालायची. तो आनंद काय सांगू! भाजीवाल्याच्या पोरानं पुढं काय होणार ते कागदावर आधी मांडावं आणि तसंच व्हावं, याची नशाच होती. मला त्या पेन्सिलीच्या रेघेचा गर्व झाला होता, हे आज कबूल करतो.

आणि मग ते गाव आलं. डोणगावच्या अलीकडे, नदीला लागून. नाव सांगत नाही, तिथले लोक ओळखतील. पावसाळ्यातली दुसरी फवारणी श्रावणअखेर झाली होती आणि नोंदीप्रमाणे दहातल्या नऊ खोल्या फवारल्या होत्या. माझी पेन्सिल आश्विनात जवळजवळ शून्यावर येत होती. शाई मात्र वर वर चालली होती. आधी तीन, मग आठ, मग एकोणीस, आणि त्यात निम्मी लहान मुलं.

मी गणित उलटं सोडवलं. एवढा ताप निघायचा, तर फवारणी किती झाली असली पाहिजे? उत्तर आलं, दहातल्या तीन खोल्यांहूनही कमी. आकडेमोड तीनदा तपासली, चूक नव्हती. मग टोळीच्या मुकादमाचं नाव घालून सुवाच्य अक्षरात टिप्पणी लिहिली की या गावी प्रत्यक्ष फवारणी नोंदीच्या एकतृतीयांशाहून अधिक झाली असण्याचा संभव नाही. डॉक्टर दामले तोवर पुण्याला परतले होते. त्यांनाही एक प्रत पाठवली. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी टिप्पणी वाचली, टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "म्हणजे पावडर विकली!"

त्या टोळीचा मुकादम होता सीताराम. चाळिशीचा, वाळक्या अंगाचा, खाकी अर्धी चड्डी गुडघ्यापर्यंत. हंगामी माणूस, दर वर्षी यादीत नाव आलं तर काम. पंपाचं तोंड तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि फवाऱ्याच्या नुसत्या आवाजावरून दाब कमी झाला ते ओळखायचा. सीताराम एखादी खोली कमी लिहील, जास्तीची लिहिणार नाही, असं सगळं ऑफिस म्हणायचं. मीही म्हणायचो. पण माझ्या हातात गणित होतं. डीडीटीची पावडर कपाशीवर मारायला लोक मागतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन्हीचा मेळ बसला. चौकशी नाही, काही नाही. पुढच्या हंगामाच्या यादीतून त्याचं नाव काढायचा प्रस्ताव वर गेला.

चार दिवसांनी सीताराम माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, माह्यं नाव काटलं म्हणते."

"वरून ठरलं ते," मी म्हणालो.

"वरून ठरलं, पन कागद तुमच्या हातचा हाय म्हणते. मले वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला. त्यानं मान खाली घालून ऐकला. "म्हंजे बाकीची पावडर म्या इकली."

"तसं कुठं लिहिलंय मी?"

"लिवलं नाई. पन निघते तेच."

तो गेला नाही. म्हणाला, "कोन्या हिशोबानं काढलं ते तरी दाखवा. म्या मानूस चोर ठरलो, मले समजू तं द्या." मग मी ड्रॉवरमधून चिंचोक्यांची पिशवी काढली. डॉक्टरांनी मला सांगितलं तेच त्याला सांगितलं : दहा दिवस, म्हातारी मादी, भिंतीवरची बैठक. मला तीन महिने लागले होते, त्याला अर्धा तास पुरला. पंप मारणाऱ्याला भिंत कळते.

"म्हंजे भितीवर दवा असती तं हे पोट्टे पडले नसते," तो म्हणाला.

"हो. तेच तर."

"आन् दवा तं म्या मारली. माह्या हातानं. मंग गेली कुठी?" मी चिंचोके पिशवीत भरू लागलो. "चाला साहेब," तो म्हणाला. "जाऊनच पाहू."

दुसऱ्या दिवशी आम्ही डोणगावची एसटी धरली आणि तिथून पायी निघालो. गावात शिरल्याशिरल्या पहिलं घर गोदाबाईंचं. साठीची बाई, दारात अंबाडीची भाजी निवडत होती. आत खाटेवर तिचा सहा-सात वर्षांचा नातू दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता. सीतारामला पाहून ती म्हणाली, "ये रे बापा. तुह्या दवानं काई झालं नाई पाय. पोट्टं आठ रोजचं तापून राह्यलं."

मी विचारलं, "आजी, फवारणी झाली होती ना घरात?"

"हाव, झाली ना. ह्यानंच तं मारली. सारी भाकर-भाजी बाहीर काढाले लावली आमाले."

"सगळ्या खोल्या?"

"देवघर बी नाई सोडलं मुडद्यानं."

सीतारामनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे पाहत होता. भिंत पांढरीशुभ्र, गुळगुळीत, बोटांच्या गोलगोल फिरवणीचे ठसे दिसत होते. त्यानं हळूच विचारलं, "माय, भित कवा पोतारली वं?"

"कवा म्हंजे? महालक्ष्म्या बसाच्या होत्या ना! तुह्या दवाचे ओघळ पडले होते साऱ्या भितीवर, वास सुटला होता. तशा घरात बसवू काय म्या महालक्ष्म्या? तू गेला आन् दोन रोजानं पोतारलं. साऱ्या गावानं पोतारलं."

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात, माहेरवाशिणींसारख्या तीन दिवस राहतात. त्यांच्यासाठी घर आतून-बाहेरून पांढऱ्या मातीनं पोतारायचं, हे ठरलेलं. न पोतारलेल्या घरात त्यांना बसवणारी बाई मी पाहिलेली नाही.

गोदाबाईंना विचारून सीतारामनं कमरेचा चाकू काढला आणि कोपऱ्यात भिंत खरवडली. वर पांढरी माती, नखाएवढ्या जाडीची. तिच्याखाली खडूच्या भुकटीसारखा फिकट थर. "ही पाहा माही दवा," तो म्हणाला. अजून खरवडलं. त्याखाली आदल्या वर्षीची माती आणि तिच्याखाली आदल्या वर्षीचा फवारा. आम्ही त्या दिवशी गावातली बावीस घरं पाहिली. परवानगी मिळेल तिथं त्यानं खरवडून दाखवलं. एकाही घरी दवा चुकलेली नव्हती. सगळीकडे ती मातीखाली, शाबूत, डासाच्या पायाला कधीच न लागणारी.

माझ्या गणितात भिंत होती, ती पोतारणारी बाई नव्हती. इतर गावांतही पोतारलं जात होतं, पण तिथं डासच थोडे, म्हणून ही चूक या नदीकाठच्या गावात उघडी पडली. आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याच भाद्रपदात मी दुसरबीडला घरी गेलो होतो. खाणीवरून पांढऱ्या मातीची पाटी मी स्वतः सायकलच्या कॅरियरला बांधून आणली होती. आईनं भिंतीवरचे फवाऱ्याचे ओघळ दाखवून विचारलं होतं, "हे झाकलं जाईन ना रे?" आणि मी, हिवताप कार्यालयाचा सांख्यिकी सहायक, "हो, जाईल की" म्हणून तिला बादली धरली होती. सोळा भाज्यांचं जेवण जेवून बुलडाण्याला परतलो आणि दीड महिन्यानं ती टिप्पणी लिहिली. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

परतताना डोणगावच्या थांब्यावर सीताराम बोलला. "साहेब, मले काम नका देऊ. काम कुठी बी भेटते. पन तो कागद दुरुस्त करा. गावात लोक मले पावडरचोर म्हणून राह्यले. माह्या पोरीले पानोठ्यावर म्हणते."

मी म्हणालो, "उद्याच करतो."

मनात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच लिहायला बसलो. तेवढ्यात साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं. दामले डॉक्टरांना माझी टिप्पणी फार आवडली होती. नुसत्या गणितावरून गैरप्रकार शोधणारा माणूस जिल्ह्यात आहे, म्हणून पुण्याच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. मी साहेबांना भिंतींची हकिकत सांगितली. ते वाईट नव्हते. नीट ऐकून म्हणाले, "महत्त्वाचं आहे, जरूर लिहा. पुढच्या वर्षी तारखा बदलू. पण मी चुकलो वगैरे कशाला लिहिता? पोतारण्याचं लिहा, म्हणजे झालं."

मी तीन मसुदे केले. पहिल्याची सुरुवातच 'माझ्या टिप्पणीतील निष्कर्ष चुकीचा होता' या वाक्यानं होती. दुसऱ्यात ते वाक्य शेवटी गेलं. तिसऱ्यात ते नव्हतं. तिथं होतं, 'सणानिमित्त भिंती पोतारल्याने फवारणीचा परिणाम काही अंशी कमी झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' काही अंशी! सीतारामचं नावही नव्हतं. ते आधीच्या कागदात होतं आणि तो कागद तसाच राहिला.

मी पुण्याला गेलो. तिथं मी शिकलो त्याची किंमत कमी करणार नाही. देवी, गोवर, पटकी, प्रत्येकाचं गणित वेगळं, आणि ते समजून घेताना मला तहानभूक नसे. पुढच्या वर्षी दुसरी फवारणी महालक्ष्म्या उठल्यावर करायची ठरलं. गोदाबाईंनी गावातल्या बायकांना जमवून दिवाळीपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही असं कबूल करून घेतलं. वरून मला बजावलं, "पन तुमचा फवारा महालक्ष्म्या उठाच्या आंधी आमच्या दारात दिसला, तं पंप घेऊन ठेवीन." त्या आश्विनात गावात ताप निघाला तो दोघांना. शाई पेन्सिलीवरून चालली. वरून शाबासकीचं पत्र आलं.

त्या वर्षी टोळीचा मुकादम दुसरा होता. सीताराम खामगावला सरकीच्या गोदामात हमालीला लागला, असं कळलं. एकदा मेहकरच्या स्टँडवर तो भेटला. पाठीवर पोत्याचा घट्टा पडला होता. मी तोंड चुकवायच्या आत त्यानंच हाक मारली आणि विचारलं, "साहेब, त्या कागदाचं काय झालं?"

"पाठवला," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं मला हात जोडले. आमची गाडी लागली म्हणून मी घाईनं चढलो.

पुढं वीस-बावीस वर्षं मी नव्या कामगारांना हे गणित शिकवलं. चिंचोके फेकून घ्यायचो, आणि मग महालक्ष्म्यांची गोष्ट सांगायचो, कारण कागदावरचं गाव आणि खरं गाव यांतला फरक तिच्याइतका कशानंच कळत नाही. मुलं खूष होत. दर खेपेला शेवटी कुणीतरी विचारायचंच, "सर, त्या मुकादमाचं काय झालं मग?"

"काय होणार? त्याला परत कामावर घेतलं," मी सांगायचो. मुलांना बरं वाटायचं आणि आम्ही चहाला उठायचो.

त्याला परत घेतलं नव्हतं. तो आज आहे की नाही मला माहीत नाही, त्याची मुलगी कुठं दिली तेही माहीत नाही. त्या दोघांपैकी कुणाच्या किंवा त्यांच्या गावातल्या कुणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी मोठ्यानं वाचावं : सीताराम मुकादमानं त्या गावची नोंदवलेली प्रत्येक खोली फवारली होती. मी बावीस घरांत ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि लिहिलं नाही.